पऱ्हाटी की ओंडका? रायफलीच्या काडतुसात कोणती दारू भरायची, हे कसं ठरतं

टेक्सासात आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. सत्तरी ओलांडलेली, शिकारीचा आणि नेमबाजीचा जुना नाद. रायफलीची काडतुसं ते घरीच भरतात. अमेरिकेत हा चांगला रुळलेला छंद आहे. स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची असली तर लागतो. मध्यंतरी एकदा ते दुकानातून तोंड पाडून परतले. हवा तो डबा मिळाला नव्हता.

"मग दुसरा घ्यायचा," मी म्हणालो. दारू ती दारू, असा माझा समज.

बेसन संपलंय तर मैद्याचं पिठलं कर, असं माझ्या आईला कोणी सांगितलं असतं तर तिने जसं पाहिलं असतं, तसं आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गॅरेजमध्ये नेलं आणि पुढचे दोन तास माझी शिकवणी घेतली. हा लेख म्हणजे त्या शिकवणीत मी नंतर वाचून घातलेली भर.

टंचाई खरी आहे. युक्रेन युद्धामुळे तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि त्यांना लागणारा कच्चा माल तोच, जो रायफलीच्या दारूला लागतो. २०२३ च्या अखेरीस व्हिस्टा आउटडोअर या मोठ्या काडतूस-कंपनीने विक्रेत्यांना कळवलं की जगभर दारूचा तुटवडा येऊ घातलाय, १ जानेवारी २०२४ पासून भाव वाढतील. तेव्हापासून 'माझी नेहमीची मिळत नाही, तिच्याऐवजी काय चालेल' हा प्रश्न या छंदातल्या माणसांना सारखा पडतो. त्याचं उत्तर वाटतं तेवढं सरळ नाही, कारण प्रश्नच बहुतेक जण चुकीचा विचारतात.

(आणि हो, या लेखात दारू म्हणजे दारूगोळ्यातली. दुसरीसुद्धा आजोबांच्या कपाटात आहे, पण दोन्ही एका बैठकीत काढायच्या नाहीत हा त्यांच्या घरचा पहिला नियम.)

काडतुसात असतं काय

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी; पोलिसी बातम्यांत 'घटनास्थळी तीन पुंगळ्या सापडल्या' म्हणतात ती हीच. तिच्या बुडाला टोपी, म्हणजे ठोका बसला की ठिणगी देणारी छोटी पितळी वाटी. पोटात दारू. आणि तोंडात बसवलेली गोळी, जी प्रत्यक्षात उडते.

बार झाला की गोळी गेली, दारू जळाली, टोपी निकामी झाली. राहते ती पुंगळी, आणि चौघांत महाग तीच. घरी भरणारा माणूस ती पुसून, साच्यात दाबून पुन्हा मापात आणतो, नवी टोपी बसवतो, दारू घालतो, वर नवी गोळी. यात थोडी काटकसर होते, पण मुख्य ओढ वेगळी असते. आपल्या रायफलीला नेमकं मानवेल असं काडतूस आपणच तयार करायचं. एखादी आजोबांच्याही आजोबांच्या काळातली रायफल असली तर तिची काडतुसं बाजारात मिळतच नाहीत, तेव्हा दुसरा इलाजही नसतो.

या चारांपैकी तीन वस्तू डोळ्यांनी पाहून ओळखता येतात. चौथी, दारू, तेवढी फसवी.

ही दिवाळीतली दारू नाही

आपल्या डोक्यात बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. शंभर भागांत साधारण ७५ सोरा, १५ कोळसा, १० गंधक. तोफा, ठासणीच्या बंदुका, फटाके, सगळ्यांचं मूळ हेच. तिचा दोष असा की जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून उरतो: हवेत पांढरा धूर, नळीत काजळी.

आजच्या रायफलीतली दारू वेगळ्याच कुळातली आहे, आणि तिचं मूळ ऐकून माझ्यासारख्या यवतमाळच्या माणसाला गंमत वाटते. तिचं मूळ आहे कापूस. १८४६ मध्ये बाझेलच्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने जाहीर केलं की आम्लांची प्रक्रिया केलेला कापूस भप्पकन जळतो आणि मागे जवळपास काहीच ठेवत नाही. पण तो बंदुकीसाठी फार उतावळा होता. नळ्या फुटायच्या, कारखानेही उडाले. जवळजवळ चाळीस वर्षांनी, १८८४ मध्ये, पॉल विये या फ्रेंच माणसाने त्याला वेसण घातली. त्याने त्या कापसाचा लगदा केला, लाटून पापुद्रे केले, वाळवून कापले. तंतू मोडून घट्ट दाणा तयार झाला आणि आग एकदम आत शिरायची थांबली. १८८६ ची फ्रेंच लेबेल रायफल याच दारूवर चालणारी. धूर नाही म्हणून हिला 'बिनधुराची दारू' म्हणतात.

या प्रक्रिया केलेल्या कापसाचं नाव नायट्रोसेल्युलोज. नुसत्या त्याच्यावर चालते ती दारू 'सिंगल बेस'. त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलं की 'डबल बेस', तिच्यात ऊर्जा थोडी जास्त. एवढ्या दोन संज्ञा पुरेत.

कापूस पण कुठला? जिनिंगमध्ये रुई वेगळी झाल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते ना, ती. आपण ती सरकी ढेपेसाठी, तेलासाठी पाठवतो. लव वेगळी काढली की ती अशा कारखान्यांना लागते. लाकडाच्या लगद्यापासूनही काम होतं, पण लव अधिक शुद्ध. युरोपातले कारखाने या लवेसाठी बऱ्याच अंशी चीनवर अवलंबून आहेत, म्हणून टंचाईच्या बातमीत मधेच चिनी कापूस येतो. टेक्सासातल्या दुकानाचं रिकामं फडताळ आणि सरकीची लव यांचं नातं असं.

सगळ्यात जोरदार दारू कोणती?

हाच तो चुकीचा प्रश्न. रायफलीच्या दारूंत ऊर्जेचा फरक असतो, पण तो फार मोठा नसतो. खरा फरक असतो जळण्याच्या वेळेत.

चूल आठवा. कापसाची वाळलेली पऱ्हाटी घातली की भडका, दोन मिनिटांत राख. बाभळीचा ओंडका घातला की धग उशिरा, पण तासभर पुरते. चहाला पऱ्हाटी बरी, डाळ शिजवायला ओंडका. पऱ्हाटी 'जोरदार' आणि ओंडका 'मवाळ' असं कोणी म्हणत नाही. भांडं कोणतं, शिजवायचंय काय, यावर जळण ठरतं.

रायफलीत हा सगळा स्वयंपाक एक-दीड मिलिसेकंदात उरकतो. म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, फार तर दीड. टोपी पेटते, दारू पेट घेते, वायू तयार होतो, दाब चढतो, गोळी पुंगळीतून सुटून नळीत शिरते. गोळी पुढे सरकली की तिच्यामागची जागा वाढते. जागा वाढली की दाब उतरायला लागतो. आता दारूने नवा वायू अशा गतीने पुरवत राहायचा की दाब मर्यादेच्या वर जाऊ नये आणि गोळीच्या पाठीवरचा रेटाही सुटू नये.

बंद पडलेली जीप ढकलताना आपण तिला बुक्की मारत नाही, खांदा लावतो. ती हलली की पावलं वाढवत तिच्याबरोबर जातो. फार घाईची दारू म्हणजे बुक्की: जीप जागेवर, हात मोडला. फार सुस्त दारू म्हणजे जीप पुढे गेली आणि आपण मागे धापा टाकतोय. गोळी नळीबाहेर पडली तरी दारू जळतेच आहे, नळीच्या तोंडाशी मोठा जाळ आणि भोवती न जळालेले दाणे.

चुलीत नसलेली एक भानगड

चुलीचं उदाहरण इथे थोडं अपुरं पडतं. चुलीतला ओंडका आपल्या गतीने जळतो. काडतुसातली दारू मात्र दाब वाढला की अधिक वेगाने जळते. अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. तो वाढला की आणखी वेगाने. जणू भडका वाढला की फुंकणी आपोआप जोरात चालायला लागते.

उघड्यावर, ताटलीत ठेवून पेटवली तर हीच दारू पिवळ्या ज्वाळेने नुसती सरसर जळून जाते, आवाज नाही की काही नाही. तिला कोंडलं की ती वेगळी वागते. .३०८ विंचेस्टर (आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचात) हे १९५२ पासूनचं लोकप्रिय काडतूस; त्यात कमाल दाब किती चालेल, याची अमेरिकी उत्पादकांच्या संस्थेने घातलेली मर्यादा आहे चौरस इंचाला ६२,००० पाउंड. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत असतात साधारण १५. म्हणजे चार हजार कुकरांचा दाब, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. दारूची निवड हा चवीचा प्रश्न नाही तो यामुळे.

दाण्यात दडलेलं घड्याळ

मग एकाच कापसापासून उतावळी आणि संथ, अशा दोन्ही दारू कशा होतात? दाण्याच्या आकारामुळे. दारूचा दाणा बाहेरून आत, थराथराने जळतो, बर्फाचा खडा विरघळावा तसा. बारीक दाण्यांना मिळून पृष्ठभाग जास्त, म्हणून ते लवकर संपतात.

आजोबांनी माझ्यासमोर तीन बशा ठेवल्या. पहिलीत पातळ चपट्या चकत्या, नाचणीच्या पापडाचा चुरा असावा तशा. ही छऱ्याच्या बंदुकीची आणि पिस्तुलाची, घाईची जात. दुसरीत खसखशीसारखे गोल दाणे. तिसरीत शेवया बारीक कातरून ठेवाव्यात तसे तुकडे, पण करडे-काळे आणि चकचकीत. चकाकी ग्राफाइटच्या लेपाची. दाणे एकमेकांना चिकटू नयेत आणि घर्षणाने वीज साठू नये म्हणून तो देतात. शेवईच्या तुकड्याला मधून आरपार भोक असतं, बारीक मोत्यासारखं. बाहेरून जळताना दाणा लहान होतो, पण आतून जळताना भोक मोठं होतं. एकीकडे पृष्ठभाग घटतो, दुसरीकडे वाढतो, आणि वायूचा पुरवठा एकसारखा राहतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत देखणी वाटली ती हीच युक्ती.

गोल दाण्याला असं भोक पाडता येत नाही, म्हणून त्याच्या वरच्या थरात जळणं मंदावणारं रसायन मुरवतात. सुरुवात संथ, पुढे वेग. गोल दाणे मापाच्या यंत्रातून वाळूसारखे सुरेख ओघळतात. शेवया अडकतात, यंत्राचा दांडा फिरवताना कडकड आवाज येतो, तो दाणे कापले जाण्याचा. तरीही अचूकतेच्या मागे लागलेले बरेच नेमबाज शेवयाच पसंत करतात. त्याचं कारण पुढे उन्हाच्या गोष्टीत येईल.

एकच घागर, तीन तोंडं

भांडं पाहून जळण, ते प्रत्यक्षात कसं? .३०८ ची पुंगळी घ्या. १९५५ मध्ये विंचेस्टरने तिचीच मान आवळून .२४३ काढलं आणि मान रुंदावून .३५८ काढलं. पोट तेच, तोंड वेगळं.

.३०८ ला मध्यम गतीची दारू मानवते: व्हार्गेट, आयएमआर ४०६४, ४८९५ (ही डब्यांवरची नावं) या पट्ट्यातली. .२४३ चं तोंड अरुंद. त्याच पोटातला वायू बारीक भोकातून जायचा आणि गोळीही त्या मानाने लांबट, वजनदार घातलेली. तिथे मध्यम दारू घातली तर दाब पाहता पाहता चढेल. म्हणून तिथे ४३५० किंवा ४८३१ च्या आसपासची संथ दारू. .३५८ चं तोंड मोठं, गोळी सुटली की मागची जागा झपाट्याने वाढते, म्हणून तिथे .३०८ पेक्षा थोडी घाईची चालते.

एवढं कळलं की नियम आपोआप बांधता येतो. पोट मोठं, तोंड लहान, गोळी जड, तर दारू संथ. पोट लहान, तोंड मोठं, गोळी हलकी, तर घाईची. पिस्तुलाची दारू एवढी उतावळी का आणि ती चुकूनही रायफलीच्या पुंगळीत भरायची का नाही, तेही यातच आलं. पिस्तुलाची दारू चिमूटभर लागते. रायफलीच्या पुंगळीत ती भरून घातली तर रायफल हातात फुटते. म्हणून आजोबांच्या टेबलावर एका वेळी एकच डबा असतो. दुसरा हवा असेल तर पहिला झाकण लावून कपाटात. सोवळ्याइतकं कडक.

निवडीत आणखी एक गोष्ट पाहतात. योग्य मापाच्या दारूने पुंगळी जवळपास भरली पाहिजे. अर्धी रिकामी राहिली तर दारू कधी बुडाशी, कधी गोळीशी सरकते आणि प्रत्येक बार वेगळा होतो. शिवाय भरलेल्या पुंगळीत चुकून दुप्पट दारू पडली तर ती बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. हा दुसरा फायदा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

पाव तोळ्याचा हिशेब

दारू आणि गोळी दोन्ही मोजतात 'ग्रेन' या एककात. अमेरिकेतल्या माणसालाही ते पटकन उमगत नाही, पण आपल्याला उमगावं. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळ्याचं वजन पक्कं केलं ते १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. शिकारीतली प्रसिद्ध .३०-०६ रायफल, तिची जुनी नेहमीची गोळी १८० ग्रेनची. बरोबर एक तोळा! (आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो वेगळा.)

मध्यम रायफलीच्या पुंगळीत दारू मावते साधारण पाव तोळा. हा आकडा फक्त अंदाज यावा म्हणून. प्रत्यक्ष माप प्रत्येक दारूचं, प्रत्येक गोळीचं वेगळं असतं. ते कंपनीने छापलेल्या तक्त्यातूनच घ्यायचं, माझ्यासारख्याच्या लेखातून कधीच नाही. एका पाउंडात ७,००० ग्रेन, म्हणजे डब्यामागे दीडशेच्या आसपास काडतुसं. आजोबांचा काटा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत दाखवतो, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. सराफाने मान डोलवावी असा.

थोडी जास्त घातली तर काय बिघडतं?

फुंकणी आठवा. मापाच्या वरच्या टोकाशी चिमूटभर दारू वाढवली तर गोळीचा वेग किंचित वाढतो, दाब मात्र त्याहून बऱ्याच वेगाने चढतो. किरकोळ फायद्यासाठी मोठी जोखीम.

म्हणून छापील तक्त्यात दोन मापं असतात, सुरुवातीचं आणि कमाल. दोन्हींत बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास फरक. सुरुवात खालून करायची, पायरी पायरीने वर जायचं आणि दाब वाढल्याच्या खुणा पाहत राहायचं: टोपी सपाट चेपली गेली, पुंगळीमागचा दट्ट्या (बोल्ट) उघडायला जड जातोय, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटलाय. यातली मेख अशी की खुणा दिसेपर्यंत बहुधा मर्यादा ओलांडलेली असते. आजोबांचा भरवसा वेगमापकावर. तक्त्यात लिहिलेल्यापेक्षा गोळी वेगाने जातेय? मग तो जादा वेग फुकटचा नाही, जादा दाबातून आलाय. थांबायचं.

मग कमी घातलेली बरी?

तेही नाही. फार कमी दारूने गोळी नळीतच अडकून बसू शकते, आणि मागून दुसरा बार केला तर नळी फाटते. संथ दारू फार कमी घातली तर ती धड पेट घेत नाही, अडखळते आणि दाब अनपेक्षितपणे उसळल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून छापील सुरुवातीच्या मापाखाली जायचं नाही. एच ४८९५ सारख्या एखाद्या दारूला कंपनी स्वतः हलक्या मापाची मुभा देते, नवशिक्या पोरांना धक्का कमी बसावा म्हणून. पण ती मुभा त्याच एका डब्याला.

आकडा सारखा, माल वेगळा

आता आजोबांच्या त्या दिवशीच्या नजरेचं कारण. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन नावाच्या माणसाने सरकारकडे उरलेली लष्करी दारू स्वस्तात विकत घेऊन छंदिष्टांना विकायला सुरुवात केली. त्यातली एक २० मिलिमीटरच्या तोफेसाठी केलेली, फार संथ. तिचं नाव पुढे एच ४८३१ झालं. लोकांनी वर्षानुवर्षं तिच्यावर आपली मापं बसवली. १९७३ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीने आयएमआर ४८३१ बाजारात आणली. आकडा तोच, पण ही दारू हॉजडनच्या दारूपेक्षा घाईची. जुन्या वहीतलं माप नव्या डब्याला लावलं की दाब मर्यादेबाहेर. छापील तक्त्यांत दोन्हींची मापं वेगवेगळी दिलेली असतात.

दारूंची घाईकडून संथाकडे क्रमवारी लावलेले तक्ते मिळतात. ते कामाचे आहेत, पण ती दहावीच्या निकालासारखी नुसती क्रमवारी असते. पहिल्या-दुसऱ्यात एका गुणाचं अंतर आहे की वीस गुणांचं, ते कळत नाही. शिवाय एका काडतुसात शेजारी बसणाऱ्या दोन दारू दुसऱ्या काडतुसात जागा बदलतात. तेव्हा 'तक्त्यात शेजारी आहे, तेच माप चालेल' हे म्हणणं म्हणजे आडनाव सारखं म्हणून रक्तगटही सारखा धरणं. बदली दारू घेता येते, जरूर घेता येते. पण तिचं स्वतःचं छापील माप काढून, पुन्हा तळापासून.

उलट गोष्टही आहे. नावं वेगळी, माल एकच. हॉजडनची व्हार्गेट ऑस्ट्रेलियात मुलवाला इथल्या कारखान्यात होते आणि तिथल्या बाजारात एआर २२०८ या नावाने विकली जाते.

उन्हाची गोष्ट

दारू तापली की घाई करते. थंडीत बसवलेलं कमाल माप ऑगस्टच्या टेक्सासात, गाडीत तापलेल्या काडतुसात, मर्यादा ओलांडू शकतं. (वर्ध्या-चंद्रपूरच्या मे महिन्यात राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.) गोल दाण्यांच्या बऱ्याच दारूंना तापमानाचा परिणाम जास्त जाणवतो. मुलवालाच्या शेवयांचं नाव झालं ते मुख्यतः तापमानाने कमी बिथरतात म्हणून: व्हार्गेट, एच ४३५०, एच ४८९५. लांब पल्ल्याचे नेमबाज यांच्यासाठी दुकानांत नंबर लावतात. फिनलंडच्या विहताव्हुओरी कंपनीची एन १४०, एन १५० ही मालिकाही त्याच पंगतीतली.

घरात दारू म्हणजे घरात बॉम्ब नाही का?

माझ्या बायकोचा पहिला प्रश्न हाच होता, आणि आमची भिंत त्यांच्या गॅरेजला लागून आहे. मूळ प्लास्टिकच्या डब्यातली ही दारू पेटली तर डबा फाटतो आणि ती भडकून जळते, पण बॉम्बसारखी उडत नाही. डबे मुद्दाम कमकुवत शिवणीचे करतात ते याचसाठी. जाड लोखंडी पेटीत कोंडली तर मात्र बॉम्ब. म्हणूनच अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमावलीत घरी २० पाउंडांपर्यंत मूळ डब्यात, आणि त्यापुढे ५० पर्यंत निदान इंचभर जाडीच्या लाकडी पेटीत असा दंडक आहे. काही राज्यांचे नियम आणखी कडक. आजोबांचं कपाट लाकडी का, हे मला तेव्हा कळलं. बायकोचं पूर्ण समाधान झालेलं नाही.

दारू म्हातारीही होते. नायट्रोसेल्युलोज आपसूक हळूहळू विघटित होत असतं. ते रोखायला त्यात स्थिरक घालतात, पण तो कधीतरी संपतो. चांगल्या दारूला इथर-अल्कोहोलसारखा वास येतो. बिघडलेलीला आंबट, नाकात झोंबणारा. झाकण उघडल्यावर तांबूस धूळ किंवा वाफ दिसते. ती टाकायचीच.

हे आपल्याकडे करता येईल?

नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे काडतुसं तयार करायला वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना असला म्हणून काडतुसं घरी भरता येतील असं नाही. रायफल-तोफांची दारू आपल्याकडे होते ती मुख्यतः सरकारी कारखान्यांत. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला त्यातलाच एक आहे.

मग आपले नेमबाज? कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य घेतलं, ते .२२ च्या काडतुसावर. त्यात वेगळी टोपी नसते. पेटणारं रसायन पुंगळीच्या काठात भरलेलं असतं आणि ठोक्याने तो काठ चेपतो. एकदा चेपली की ती पुंगळी संपली, ती पुन्हा भरण्याच्या फंदात कोणी पडत नाही. तिथे निवड करायची ती तयार काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपांतून: आपल्या नळीला कोणत्या खेपेची मानवतात ते मारून पाहायचं आणि ती साठवायची.

आजोबांना शेवटी त्यांचा डबा तीन आठवड्यांनी मिळाला. आणला त्याच दिवशी त्यांनी खेपेचा क्रमांक वहीत लिहिला आणि नाव तेच, कंपनी तीच असूनही पुन्हा सुरुवातीच्या मापापासून पाच-पाच काडतुसं भरायला घेतली. कपाट आवरताना मागे एक लेबल निघालेला डबा सापडला. त्यांनी झाकण उघडून मला वास दिला. वास चांगला होता, दाणेही ओळखीचे, शेवयांसारखे. "काय असेल?" मी विचारलं. "व्हार्गेटच असणार," ते म्हणाले आणि परसात जाऊन गवतावर विरळ भुरभुरली. नत्र असतं म्हणे तिच्यात.